पाणी मी तोडलं होतं, वहिनी

वहिनी, मांडववाल्याने पहिला खांब रोवला तो तुमच्या वाफ्यात. शेणखत घालून, दोनदा खणून, हाताने ढेकळं फोडून ठेवलेली माती होती ती. पहार टेकवताच आत गेली. "हितं मऊ हाय," तो जोडीदाराला म्हणाला आणि मग उरलेले तीन खांबही त्यांनी वाफ्यांतच रोवले. मी शेजारी उभा होतो. एक शब्द बोललो नाही. तुम्ही आतल्या खोलीत होता, आणि तुमची लेक स्नेहल पुण्याहून निघाली होती.

त्या दिवसापासून मला रडू येत नाही, राग येतो. मांडववाल्याचा येतो. खुर्च्या मागे सरकवत सरकवत रोपांच्या क्रेटपर्यंत गेलेल्या पाहुण्यांचा येतो. सगळ्यात जास्त माझा येतो आणि त्याच्या खालोखाल तुमचा. गेलेल्या माणसावर कसला राग, असं लोक म्हणतील. म्हणू देत. तुम्ही असतानाही मी तुमच्यावर रागावत होतोच.

पाळकसाहेबांनी चर्चच्या मासिकासाठी लिहायला सांगितलं. "तुम्ही दीर, एका अंगणात पस्तीस वर्षं राहिलात, तुम्हीच लिहा," म्हणाले, आणि नमुना म्हणून मागचा अंक हातात ठेवला. जन्म, विवाह, सेवा, प्रभूमध्ये निद्रिस्त. मी 'कष्टाळू, मनमिळाऊ, सेवाभावी' इथपर्यंत लिहिलं आणि कागद फाडला. ते खोटं नव्हतं. पण ते लिहून मी सुटलो असतो, आणि मला सुटायचं नाही. त्या जागी हे देतोय. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं.

तुम्हाला माहीत असलेलीच गोष्ट पुन्हा सांगतो, कारण वाचणाऱ्यांना ती वेगळी सांगितली गेली आहे. दादा गेल्यावर केडगावच्या या घराचे आपण दोन भाग केले, पण मागच्या परसात भिंत घातली नाही. नुसती तार ओढली, आणि तिच्यावरही तुम्ही पहिल्याच वर्षी दोडका चढवला. बोअर माझ्या बाजूला होतं. माझ्या टाकीतून एक हिरवा पाईप तारेखालून तुमच्या वाफ्यांकडे जायचा. त्याचा कॉक माझ्या न्हाणीच्या खिडकीखाली. पुढच्या दाराशी तुमचा सरकारी नळ होता, त्याचं पाणी तुम्ही ड्रममध्ये भरून घरात वापरायचात. परसाला मात्र पाणी माझंच. 'माझंच' हा शब्द मी या फेब्रुवारीपर्यंत कधी वापरला नव्हता.

फेब्रुवारीत मला गाडी घ्यायची होती. सेकंडहँड, पण गाडी. तिच्यासाठी परसातल्या माझ्या बाजूला कोबा करायचं मनात आलं, म्हणून गवंडी मापं घ्यायला बोलावला. माझ्या बाजूला तुमची भेंडीची जागा होती. दर वर्षी तिथेच भेंडी, कारण तिथे ऊन जास्त. गुड फ्रायडेच्या आसपास ती धरायची, आणि ईस्टरच्या पहाटे पहिली ओंजळभर तुम्ही चर्चच्या टेबलावर ठेवायचात. मी हे सगळं जाणून होतो आणि तरी गवंड्याला म्हणालो, इथून धर टेप.

तुम्ही हातातलं खुरपं खाली न ठेवता तारेपाशी आलात.

"गाडी कुठंय भावजी?"

"येणार आहे."

"मग येऊ द्या की. तवर भेंडी उभी राहील तिच्या जागंवर. भेंडीला लायसन लागत न्हाई."

गवंडी इतका हसला की टेप त्याच्या हातातून सुटून गुंडाळली गेली. त्याला नुसता विनोद कळला. लायसनच्या परीक्षेत मी दोनदा नापास झालोय हे त्याला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्यांदा नापास झालो तेव्हा मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, घरात हिलाही नाही. ते तुम्ही चारचौघांत काढलंत असं मला वाटलं. खरं तर तिथे चारचौघे नव्हते, एक गवंडी होता, आणि तुम्ही काढलंही नव्हतं काही. पण माझे कान तापले. मी आत गेलो, न्हाणीत उभा राहिलो, आणि खिडकीतून हात घालून कॉक बंद केला.

मला वाटलं, संध्याकाळी तुम्ही पाईप उचलाल, पाणी येत नाही म्हणून हाक माराल, आणि मग मी काहीतरी बोलेन. काय ते ठरवूनही ठेवलं होतं. तुम्ही हाक मारली नाही. तुम्ही पाईप उचललात, हलवून पाहिलात, माझ्या खिडकीकडे बघितलंत, आणि नीट वेटोळं करून खाली ठेवलात. मग ड्रमातून कळशी भरून आणलीत.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या पवारबाईंनी कुंपणावरून विचारलं, "अहो, पाईप असून कळशा का वाहताय? बोअर आटलं का काय?" मी न्हाणीत दाढी करत होतो. तुमचं उत्तर मला शब्दन् शब्द ऐकू आलं.

"न्हाई ओ. मीच सांगितलं भावजींना बंद करायला. रोपं लावायच्या आदी पानी तोडावं लागतं. न्हाईतर लाडावत्यात, जमिनीत गेली की मान टाकत्यात."

हे खरंच आहे. लावणीच्या आधी चार-पाच दिवस रोपांचं पाणी कमी करत आणायचं, म्हणजे ती काटक होतात, हे मला तुम्हीच शिकवलं. पण पाणी तोडायचं ते क्रेटमधल्या रोपांचं. त्यासाठी मेथी, कोथिंबीर आणि दोडक्याला तहानलेलं ठेवायची गरज नसते, आणि कळशा तर मुळीच वाहाव्या लागत नाहीत. पवारबाईंना बागकाम कळत नाही म्हणून त्यांना ते पटलं. माझ्या कोतेपणाला तुम्ही शेतीचं नाव दिलंत, आणि मी अर्ध्या गालाला साबण लावून ते ऐकत राहिलो.

वहिनी, तुम्ही हे का केलंत? मला खिडकीतून शिव्या घालायच्या होत्यात. पवारबाईंना सांगायचं होतंत की दीर नालायक आहे. गल्लीत माझी छी थू झाली असती तर तासाभरात कॉक उघडला असता मी. तुम्ही मला झाकलंत, आणि झाकलेल्या माणसाला उघडं पडायची भीती उरत नाही. मी आणखी पाच दिवस आरामात रागावू शकलो ते त्यामुळे.

ही रोज म्हणायची, "उघडा तो कॉक. शोभतं का या वयात?" मी म्हणायचो, त्यांनी मागू दे.

आता तुमच्या त्या नियमाकडे येतो, कारण खरं ओझं तिथे आहे. लावणी एकट्याने करायची नाही. एकाने रोप द्यायचं, दुसऱ्याने लावायचं. काष्टीला तुमच्या माहेरी असंच करत. एकट्याने लावलेलं रोप रुसतं म्हणायचात. मी एकदा पाळकसाहेबांच्या देखत चिडवलं, की हे कुठल्या अध्यायात आहे. तुम्ही म्हणालात, "ज्यानं लिवलं त्यानं वांगी लावली नसतील." तेही हसले.

पस्तीस वर्षं रोप देणारा मी होतो. तुम्ही लग्न होऊन आलात त्या वर्षी मी दहावीला बसलो होतो आणि नापास झालो. घरात बोलणारी माणसं कमी नव्हती. मी मागे येऊन चुलीच्या लाकडांपाशी बसून राहायचो. तुम्ही नव्या नवरी होता, माझ्याशी अजून नीट बोलतही नव्हता. एका संध्याकाळी टोमॅटोच्या रोपांची पाटी माझ्यासमोर आणून ठेवलीत. "बसलाच हायसा तर एकेक देता का? मुळाला वारं लागू देऊ नका." अख्खी ओळ लावून झाली तरी निकालाबद्दल एक शब्द काढला नाहीत. जाताना एवढंच म्हणालात, "हात चांगला हाय तुमचा." त्याआधी मला कुणी माझं काही चांगलं आहे असं सांगितलेलं आठवत नाही. ऑक्टोबरच्या परीक्षेत पास झालो ते त्या एका वाक्यावर झालो. हेही तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढे सांगू, असं वाटत राहिलं.

त्यानंतर प्रत्येक लावणीला मी रोप दिलं. दादा आजारी होते त्या वर्षीही, दादा नव्हते त्या वर्षीही. आपण लावताना भांडायचोही. मी म्हणायचो, नर्सरीतून तयार रोपं आणू, टपोरी वांगी येतील. तुम्ही म्हणायचात, "त्या रोपाला म्हायेर न्हाई." तुमची वांगी काष्टीच्या बियांची होती, काटेरी, आखूड, डोळे वटारून बघणारी. दर वर्षी दोन वांगी झाडावरच पिवळी होऊ द्यायची, बी काढून राखेत चोळायचं, डब्यात ठेवायचं. मी नर्सरीच्या बाजूने वाद घालायचो आणि जेवताना तुमच्याच वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागायचो. या वर्षी तो वादही राहिला.

तर यंदाची रोपं पाच आठवड्यांची झाली होती. तीन क्रेट होते, एकात वांगी, एकात टोमॅटो, एकात मिरची. तुम्ही लावत नव्हता. मी खिडकीतून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, बघा, पाण्यावाचून अडलं. मला कळायला हवं होतं की तुम्ही पाण्यासाठी थांबला नव्हता, पाणी तर तुम्ही वाहतच होता. तुम्ही देणाऱ्या हातासाठी थांबला होता.

आठव्या दिवशी संध्याकाळी तुम्ही तारेपाशी आलात. मी गाडीच्या जाहिराती बघत ओट्यावर बसलो होतो.

"भावजी," तुम्ही म्हणालात, "रोपं वाढल्यात."

एवढंच. यापेक्षा जास्त तुम्ही कधी मागितलं नसतं, हे मला पस्तीस वर्षांत कळायला हवं होतं. मी मोबाईलवरून मान वर केली नाही.

"मग लावा की. कुणी धरलंय?"

तुम्ही तारेवरचं दोडक्याचं एक वाळकं पान तोडलंत आणि गेलात. आपलं शेवटचं बोलणं ते. माणसांची शेवटची बोलणी बरी असावीत असं काही नसतं, हे मला माहीत आहे. पण इतकी वाईटही असायला नकोत.

नवव्या दिवशी सकाळी पवारबाईंची हाक आली. तुम्ही वाफ्याच्या बांधावर टेकून बसला होता. मान एका खांद्यावर. कळशी शेजारी उभीच होती, भरलेली. सांडूही दिली नव्हतीत.

मी तुम्हाला उचललं, रिक्षा बोलावली, सगळं केलं. दवाखान्यात म्हणाले, संपलंय, घरीच संपलं होतं. परत आलो. लोक जमायला लागले. दुपारी मांडव उभा राहिला. आणि मी काय केलं माहीत आहे? न्हाणीत गेलो आणि कॉक उघडला. का, ते मला सांगता येत नाही. बहुतेक मला असं वाटलं की कुणी बघायच्या आत तो उघडा असायला हवा. पाईपचं दुसरं टोक मांडवाखाली पडलेलं होतं हे ध्यानातच आलं नाही. पाईप आधी फुसफुसला, मग उड्या मारत सुटला. बायका पदर सावरत उठल्या, चपला वाहायला लागल्या. "कुणी सोडलं रं पानी?" कुणीतरी ओरडलं. मी धावत जाऊन बंद केलं. आठ दिवस जिथे पाणी हवं होतं तिथे मी ते तुमच्या मयताला सोडलं.

दफनानंतर स्नेहलला तुमच्या बायबलच्या कव्हरात एक कागद सापडला. नाताळनंतरचा. हृदय कमजोर, जिने चढू नयेत, वजन उचलू नये. डॉक्टरांच्या हस्ताक्षरात, खाली रेघ मारून. तुम्ही तो घडी घालून ठेवलात आणि जानेवारीत वांग्याचं बी टाकलंत. वहिनी, इथे मला तुमचा सगळ्यात जास्त राग येतो. हा कागद तारेवरून माझ्या अंगावर फेकायला काय झालं होतं? तुम्ही मला एवढा हलका समजलात का, की तो वाचूनही मी कॉक बंद ठेवला असता? की तुम्हाला वाटलं, कागद दाखवून उघडलेलं पाणी नको? तुमचा स्वभाव बघता ही दुसरी शंकाच खरी असणार. हा मानीपणा मला समजतो, आणि पटत नाही. डॉक्टर म्हणाले, कळशांनीच झालं असं नाही सांगता येणार, कधीही होऊ शकलं असतं. मी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच म्हणाले. मला ते पुरत नाही.

तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला खोली भरली होती. कुणीतरी म्हणालं, घरात बोअर असून बाईनं कळशा वाहिल्या म्हणे. स्नेहल म्हणाली, "आईनेच काकांना पाणी बंद करायला सांगितलं होतं. लावणीच्या आधी तोडतात. फोनवर बोलली मला." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, वहिनी. 'हो' म्हणून. तुम्ही गेल्यानंतरही तुमच्या पदराआड लपलो.

चौथ्या दिवशी मांडव निघाला. खांबांच्या जागी चार खड्डे उरले. क्रेटमधली रोपं काटकुळी, उंच, माना टाकलेली. टोमॅटोचा क्रेट खुर्चीखाली चेंगरला होता, त्यातली पाच-सहाच जगण्यासारखी. स्नेहल संध्याकाळी खुरपं घेऊन मागे आली. ऊन पवारबाईंच्या भिंतीपलीकडे गेलं होतं.

"काका, मला लावता येत नाही नीट. आईने कधी खाली बसूच दिलं नाही, अभ्यास कर म्हणायची. तुम्ही रोप द्याल?"

मी वांग्याचा क्रेट घेऊन बसलो. एकेक रोप मातीसकट सोडवून तिच्या हातात देत गेलो. तिचा हात तुमच्यासारखाच, अंगठ्याने माती दाबायची तऱ्हा तीच. कुणी शिकवली नसताना. चार रोपं झाली, पाच झाली. सहावं माझ्या हातात राहिलं.

"स्नेहल," मी म्हणालो, "पाणी तिने बंद करायला सांगितलं नव्हतं. मी केलं. भांडून. आठ दिवस."

तिने हात पुढे केलेला होता, तो तसाच राहिला.

"फोनवर ती खोटं बोलली?"

"माझ्यासाठी."

"आणि काल तुम्ही मान हलवलीत."

"हो."

मी वाट बघत होतो. तिने ओरडावं, क्रेट फेकावा, निघून जावं. तिने माझ्या हातातलं रोप घेतलं. "मुळाला वारं लागतंय," एवढंच म्हणाली. मग आम्ही तिसाव्या रोपापर्यंत बोललो नाही. टोमॅटो झाले, मिरची झाली. मी उठून पाईप आणला.

"पाईप नको."

"अगं, पाणी चालू आहे आता."

"मला माहीत आहे. त्याचं नको." तिने आतून कळशी आणली, तुमचीच, आणि पुढे ड्रमाकडे गेली. अंधार पडेपर्यंत ती पुढून मागे येत-जात राहिली. प्रत्येक रोपाच्या बुडाशी ओंजळीने पाणी. मी मदतीला पुढे झालो तर तिने कळशी दुसऱ्या हातात घेतली. मी हातात पाईप धरून उभा होतो. सकाळी ती पुण्याला गेली. हिला नमस्कार केला. मला केला नाही.

वहिनी, तुमची मुलगी तुमच्यासारखी नाही. ती झाकून घेत नाही. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा जरा मोकळा श्वास घेता आला, असं म्हटलं तर तुम्हाला वाईट वाटेल का?

सकाळी रोपांवर निंबाच्या डहाळ्यांची सावली केली. पहिल्या दिवशी सगळ्यांनी माना टाकल्या, टाकतातच. चौथ्या दिवशी उभी राहायला लागली. गवंड्याला मी येऊ नको म्हणून कळवलं. त्याने विचारलं, गाडीचं काय झालं. म्हटलं, लायसन नाही.

काल स्नेहलचा फोन आला. कसे आहात वगैरे काही नाही.

"वांगी उभी राहिली?"

"सत्तावीस राहिली. तीन गेली."

"गेली तिथे दुसरी लावा. क्रेटमध्ये आहेत अजून."

"एकट्याने लावायची नसतात," मी म्हणालो.

"काकूला बोलवा. तुम्ही लावा, तिला द्यायला सांगा," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी ही क्रेट घेऊन बसली. तिने दिली, मी लावली. पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी लावणाऱ्याच्या जागी होतो. खाली बसल्यावर कळलं की तिथून माझी न्हाणीची खिडकी सरळ समोर दिसते. कॉकसुद्धा दिसतो. तुम्हाला रोज दिसत होता.

मग मी कळशी घेतली आणि पुढे ड्रमावर जाऊन भरली. मी तुमच्याहून धडधाकट आहे, तरी दुसऱ्या खेपेला मला टेकावं लागलं, जिथे तुम्ही टेकला होता त्याच बांधावर. ड्रमापासून शेवटच्या वाफ्यापर्यंत बासष्ट पावलं आहेत, वहिनी. भरल्या कळशीने जास्त होतात.